आपत्तीनंतर गावाचा खर्च परत कसा मिळवायचा : फेमाच्या ‘पब्लिक असिस्टन्स’ कामात नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेतल्या एखाद्या काउंटीच्या रस्ते खात्यात, छोट्या शहराच्या लेखा विभागात किंवा अशा शहरांना सल्ला देणाऱ्या कंपनीत तुम्ही नुकते रुजू झाला असाल, तर चक्रीवादळ, पूर, वणवा किंवा बर्फाचं वादळ आज ना उद्या तुमच्या टेबलावर येणारच. लोक सुखरूप आहेत ना, ही पहिली काळजी मिटली की तिजोरीचा प्रश्न उभा राहतो. रस्त्यावर पडलेली झाडं उचलायला, वाहून गेलेल्या मोऱ्या बसवायला आणि पाण्याचे पंप पुन्हा चालू करायला जो पैसा लागतो, तो लहान गावाच्या वर्षभराच्या अंदाजपत्रकाएवढाही असू शकतो. हा खर्च परत मिळवून देणारी केंद्र सरकारची योजना म्हणजे फेमाची, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेची, पब्लिक असिस्टन्स. घर पडलेल्या कुटुंबांसाठीची योजना वेगळी असते. ही फक्त राज्य, काउंटी, शहर, आदिवासी सरकारं आणि काही ना-नफा संस्थांसाठी आहे.

महाराष्ट्रात अतिवृष्टी झाली की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामे करतात आणि शासनाच्या ठरलेल्या दराने मदत येते. तीच पद्धत डोक्यात ठेवून इथे काम सुरू केलं तर फसगत होते. इथे गाव आधी खर्च करतं आणि नंतर त्याची भरपाई मागतं. काय बिघडलं, ते याच आपत्तीने बिघडलं का, ते दुरुस्त करणं कायद्याने गावाचीच जबाबदारी होती का आणि लागलेला खर्च वाजवी होता का, हे चारही मुद्दे गावानेच सिद्ध करायचे असतात. फेमाचा माणूस येऊन सगळं लिहून नेईल, या भरवशावर कोणी राहू नये.

आधी साखळी समजून घ्या

या योजनेचा पाया म्हणजे १९८८ चा स्टॅफर्ड कायदा. गव्हर्नर किंवा आदिवासी सरकारचा प्रमुख विनंती करतो आणि राष्ट्राध्यक्ष आपत्ती जाहीर करतात. पैसा फेमाकडून राज्याकडे आणि राज्याकडून गावाकडे येतो, त्यामुळे तुमचा रोजचा संबंध राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन विभागाशी राहील. तिथल्या माणसाशी ओळख वादळाच्या आधीच झालेली असावी.

जाहीरनामा हाती आला की दोन गोष्टी पाहायच्या : आपली काउंटी यादीत आहे का, आणि कोणत्या वर्गांतल्या कामांना मंजुरी आहे. ए म्हणजे राडारोडा उचलणं आणि बी म्हणजे जीव व मालमत्ता वाचवण्याची तातडीची कामं. पुढचे पाच वर्ग कायमस्वरूपी कामांचे : सी रस्ते व पूल, डी बंधारे व पाणी नियंत्रण, ई इमारती व यंत्रसामग्री, एफ पाणी, वीज, सांडपाणी यांसारख्या सेवा, जी उद्यानं व इतर. काही जाहीरनाम्यांत सुरुवातीला फक्त ए आणि बी असतात, बाकीचे वर्ग नंतर जोडले जातात.

केंद्राचा वाटा किमान ७५ टक्के असतो. आपत्ती फार मोठी असेल तर तो वाढवतात. उरलेला भार राज्य आणि गाव कसा वाटून घेतात, हे राज्याराज्यात वेगळं आहे. महापौरांना आणि नगर परिषदेला पहिल्याच बैठकीत हे स्पष्ट सांगा. ‘सगळं फेमा देणार’ या समजुतीवर केलेलं अंदाजपत्रक वर्षाअखेरीस कोसळतं.

पहिले तीन दिवस : खरी कमाई इथेच

माझं ठाम मत आहे की भरपाईचा निम्मा निकाल अर्ज भरण्याआधीच लागलेला असतो. सल्लागारांनी पुढे कितीही सफाईदार अहवाल लिहिले, तरी पैसा मिळतो तो लोडर चालवणाऱ्या माणसाच्या रोजच्या नोंदीवर. म्हणून कार्यालयात बसून फॉर्म डाउनलोड करण्याआधी रस्ते खात्याच्या फोरमनला भेटा आणि त्याच्याकडे साधा, एका पानाचा रोजनिशीचा कागद द्या.

त्या कागदावर एवढं हवं : तारीख, कामगाराचं नाव आणि पद, कामाची नेमकी जागा, काय काम केलं, नेहमीचे तास किती, ओव्हरटाइम किती, कोणतं यंत्र वापरलं, त्या यंत्राचा क्रमांक, ते प्रत्यक्ष किती तास चाललं आणि कोणतं साहित्य लागलं. जागा लिहिताना ‘उत्तर भाग’ पुरत नाही. रस्त्याचं नाव आणि जवळचा चौक किंवा घर क्रमांक लागतो, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपले तर फारच उत्तम. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्यात मोजमाप पुस्तिका भरलेल्या माणसाला ही शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही.

मजुरीचा नियम नवख्यांना चकवतो. तातडीच्या कामांत, म्हणजे ए आणि बी वर्गांत, अंदाजपत्रकात आधीच तरतूद असलेल्या कायम कर्मचाऱ्यांचे सर्वसाधारणपणे फक्त ओव्हरटाइमचे तास धरले जातात. कायमस्वरूपी कामांत त्यांचे नेहमीचे तासही चालतात. आपत्तीसाठी खास घेतलेल्या तात्पुरत्या माणसांचे नेहमीचे तास मात्र तातडीच्या कामातही धरता येतात. ओव्हरटाइमचं धोरण आपत्तीच्या आधीपासून लेखी असायला हवं आणि ते केंद्राचा पैसा मिळण्यावर अवलंबून असता कामा नये. ‘फेमाने पैसे दिले तरच दीडपट पगार’ असं वाक्य धोरणात असेल तर तो दावा फेटाळला जातो.

गावाच्या स्वतःच्या यंत्रांसाठी फेमाचं ताशी दरपत्रक आहे. त्या दरात इंधन, देखभाल, घसारा सगळं येतं, चालकाची मजुरी येत नाही. त्यामुळे त्याच यंत्राच्या डिझेलचं बिल वेगळं लावू नका. तपासणीत सगळ्यात आधी पाहिलं जातं ते यंत्राचे आणि चालकाचे तास जुळतात का. बॅकहो १२ तास चालला आणि चालकाच्या हजेरीत ८ तास असतील, तर संशय फक्त त्या ४ तासांपुरता राहत नाही, सगळ्या कागदांवर जातो. नुसतं उभं असलेलं यंत्र सहसा धरलं जात नाही.

फोटो दुरुस्तीच्या आधी काढा. वाहून गेलेल्या मोरीच्या जागी दुसऱ्या दिवशी खडी भरली आणि फोटो नाही, तर ती मोरी होती, किती व्यासाची होती, हे पटवून देणं फार जड जातं. फोटोत मोजपट्टी किंवा एखादी ओळखीची वस्तू ठेवा. जुने फोटो, तपासणी अहवाल आणि देखभालीच्या नोंदीही शोधून काढा, कारण ‘हे आधीच खराब होतं’ हा आक्षेप हमखास येतो आणि त्याला उत्तर देतात ती मागच्या वर्षीचीच कागदपत्रं.

स्वयंसेवकांना विसरू नका. वाळूची पोती भरायला आलेले लोक, जेवण वाटणाऱ्या संस्था, कोणी दिलेला ट्रक यांची किंमत गावाच्या वाट्यातून वळती करता येते. त्यासाठी प्रत्येकाची सही, तास आणि कामाचं वर्णन लागतं. प्रवेशद्वाराशी एक वही आणि पेन ठेवलं तरी पुष्कळ काम होतं.

मुदतींची यादी भिंतीवर लावा

आपली काउंटी यादीत आल्यापासून ३० दिवसांत मदतीची विनंती फेमाच्या ग्रँट्स पोर्टलवर दाखल करायची असते. ती अगदी छोटी असते. नुकसान पूर्ण मोजून झालं नाही म्हणून थांबू नका, आकडे नंतर येतात. गावाचा केंद्रीय नोंदणी क्रमांक आणि पोर्टलचा पासवर्ड कोणाकडे आहे हे मात्र आधीच माहीत असावं. निवृत्त झालेल्या लेखापालाच्या ईमेलवर खातं असणं, ही लहान गावांतली नेहमीची अडचण आहे.

विनंती मान्य झाली की फेमाचा कार्यक्रम व्यवस्थापक फोन करतो आणि मग पहिली मोठी बैठक होते. त्या बैठकीपासून ६० दिवसांत नुकसानीच्या सगळ्या जागा कळवायच्या. ही मुदत मी सगळ्यात गंभीर मानतो. राहून गेलेली जागा नंतर यादीत घालायला फार झगडावं लागतं. बर्फाखाली किंवा गाळाखाली दडलेलं नुकसान असेल तर ‘तपासणी बाकी’ अशी नोंद करून जागा यादीत घाला.

तातडीची कामं जाहीरनाम्यापासून ६ महिन्यांत आणि कायमस्वरूपी कामं १८ महिन्यांत पूर्ण व्हावीत, असा नियम आहे. कारण सबळ असेल तर राज्य मुदत वाढवू शकतं, पण मागणी मुदत संपण्याआधी लेखी जायला हवी.

राडारोडा : सगळ्यात जास्त पैसा आणि सगळ्यात जास्त आक्षेप

मोठ्या वादळानंतर ए वर्गाचा खर्च छाती दडपवणारा असतो. ठेकेदाराला घनयार्डावर पैसे मिळतात, त्यामुळे प्रत्येक ट्रकची क्षमता आधी मोजून त्यावर क्रमांक लावायचा. राडारोडा भरला त्या जागेपासून टाकला त्या जागेपर्यंत प्रत्येक फेरीची चिठ्ठी लागते. साठवणीच्या जागेवर उभा असलेला निरीक्षक ट्रक किती टक्के भरलाय ते ठरवतो. हा निरीक्षक ठेकेदाराचा माणूस असू नये. अर्धा ट्रक पूर्ण म्हणून लिहिला जाऊ लागला की लेखापरीक्षणात सगळीच रक्कम धोक्यात येते.

धोकादायक झाडांची मापं ठरलेली आहेत. जमिनीपासून साडेचार फुटांवर किमान ६ इंच व्यास हवा, आणि शिवाय फांद्यांचा निम्म्याहून जास्त विस्तार मोडलेला, खोड फाटलेलं, सार्वजनिक जागेत उन्मळून पडलेलं किंवा ३० अंशांपेक्षा जास्त कललेलं, यांपैकी काही तरी हवं. लोंबकळणारी फांदी तुटलेल्या जागी २ इंचांपेक्षा जाड हवी. प्रत्येक झाडाचा फोटो आणि जागेची नोंद ठेवा. ‘चारशे झाडं कापली’ असं एका ओळीचं बिल आलं तर ते ठेकेदाराकडे परत पाठवा, तपशील आल्याशिवाय पैसे देऊ नका.

खासगी आवारातला राडारोडा साधारणपणे बसत नाही. लोकांच्या आरोग्याला धोका असेल तर परवानगी मिळते, पण ती आधी घ्यायची असते आणि प्रत्येक मालकाचं संमतिपत्र लागतं. लोकांनी स्वतः रस्त्याकडेला आणून ठेवलेला कचरा उचलणं हा सोपा मार्ग. म्हणून रहिवाशांना काय, कधी आणि कुठे ठेवायचं ते लवकर कळवा.

ठेके देताना

ठेके देताना झालेल्या चुका हे पैसा परत जाण्याचं मोठं कारण आहे. काउंटी आणि शहरांनी केंद्राचे, राज्याचे आणि स्वतःचे नियम ताडून पाहायचे आणि त्यांतले सर्वात कडक ते पाळायचे. खर्चावर टक्केवारीने नफा देणारा ठेका पूर्णपणे निषिद्ध आहे, कारण त्यात खर्च वाढला की ठेकेदाराचा फायदा वाढतो. तास आणि साहित्यावर आधारलेला ठेका दुसरा कोणताही पर्याय योग्य नसेल तरच चालतो, आणि त्यात कमाल रक्कम लिहिलेली असावी लागते. ज्याने निविदेचे तपशील लिहून दिले, त्याला त्याच निविदेत भाग घेता येत नाही.

रस्ता बंद आहे, रुग्णवाहिका अडली आहे, अशा वेळी स्पर्धा न करता काम देता येतं. पण ती सूट तातडी असेपर्यंतच टिकते. धोका टळला की निविदा काढायला हवी. तातडी काय होती आणि ती कधी संपली, याचं एका पानाचं टिपण त्याच आठवड्यात लिहून फाइलला लावा. वर्षभराने लिहिलेल्या टिपणावर कोणी विश्वास ठेवत नाही. वादळाचा हंगाम सुरू होण्याआधीच राडारोडा उचलण्याचे आणि देखरेखीचे दोन वेगळे ठेके स्पर्धेतून ठरवून ठेवले, तर हा सगळा ताण टळतो.

प्रकल्प बांधताना

प्रत्येक प्रकल्पात तीन गोष्टी एकमेकींना धरून असाव्या लागतात : नुकसानीचं मोजमापासह वर्णन, कामाचा आवाका आणि खर्च. ‘पुरामुळे रस्ता खराब झाला’ हे वर्णन निरुपयोगी. ‘२१० फूट लांब, २२ फूट रुंद भागातलं ४ इंच डांबर आणि ८ इंच खडीचा थर वाहून गेला’ असं हवं. वर्णनात नसलेली वस्तू पुढे खर्चात दिसली की ती कापली जाते.

रस्त्यांच्या बाबतीत आधी नकाशा उघडा. केंद्राच्या महामार्ग मदतीत येणाऱ्या रस्त्यांची कायमस्वरूपी दुरुस्ती फेमा करत नाही, त्यासाठी महामार्ग प्रशासनाची वेगळी योजना आहे. काही बंधारे लष्कराच्या अभियांत्रिकी दलाकडे किंवा कृषी खात्याकडे जातात. चुकीच्या दारात सहा महिने घालवले तर बरोबर दाराची मुदत निघून जाते.

वर्ग ठरवताना काम पाहा, वास्तू नाही. २०२४ च्या हेलीन वादळानंतर नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅशव्हिल शहरात ५३ दिवस नळाचं पाणी पिण्याजोगं नव्हतं. अशा काळात लोकांना पाणी पुरवण्याचा खर्च बी वर्गात जातो आणि उखडलेल्या जलवाहिन्यांची कायमची दुरुस्ती एफ वर्गात. दोन्हींच्या मुदती वेगळ्या, मजुरीचे नियमही वेगळे.

इमारतींसाठी ५० टक्क्यांचा नियम लक्षात ठेवा. दुरुस्तीचा खर्च नव्याने बांधण्याच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर नवी इमारत मिळू शकते, कमी असेल तर दुरुस्तीच. न्यू ऑर्लिन्सचं चॅरिटी हॉस्पिटल २००५ च्या कतरिनानंतर बंद पडलं आणि याच टक्केवारीवरून लुइझियाना राज्य आणि फेमा यांचा वाद वर्षानुवर्षं चालला. फेमाची तयारी साधारण १५ कोटी डॉलरची होती. २०१० च्या जानेवारीत लवादाने राज्याच्या बाजूने सुमारे ४७.५ कोटी डॉलरचा निर्णय दिला. अशा वादात आपत्तीने केलेलं नुकसान आणि आधीची दुरवस्था वेगळी करून दाखवणारे अभियंत्यांचे अहवाल निर्णायक ठरतात. ते इमारत सुकण्याच्या आत तयार करून घ्या.

विम्याचे पैसे आधी वजा होतात. एकाच नुकसानीचे दोनदा पैसे मिळत नाहीत, म्हणून पॉलिसीची प्रत पहिल्याच महिन्यात शोधा. पूरप्रवण क्षेत्रातल्या इमारतीला पूरविमा नसेल तर तो असता तर जेवढी रक्कम मिळाली असती तेवढी कापली जाते. ती कपात इमारतीसाठी ५ लाख आणि आतल्या सामानासाठी आणखी ५ लाख डॉलरपर्यंत जाऊ शकते. छोट्या गावासाठी हा घाव खोल असतो, आणि तो टाळायचा उपाय फक्त आपत्तीच्या आधी असतो.

आता या योजनेतला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा आणि तरी सर्वाधिक दुर्लक्षित भाग. मोडलेली गोष्ट होती तशीच बांधायची सक्ती नाही. तेच नुकसान पुन्हा होऊ नये म्हणून केलेल्या सुधारणेला, उदाहरणार्थ मोठ्या व्यासाची मोरी किंवा उंचावर नेलेलं विजेचं पॅनेल, कायद्याच्या ४०६ व्या कलमाखाली पैसे मिळतात. सुधारणेचा खर्च दुरुस्तीच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर तो किफायतशीर मानला जातो. फेमाच्या यादीतल्या ठरावीक सुधारणांना दुरुस्तीच्या १०० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. त्यापुढे खर्च-लाभाचं गणित मांडायचं. २०१२ च्या सँडी वादळात बुडालेल्या न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयाला २०१४ मध्ये सुमारे १.१३ अब्ज डॉलर मंजूर झाले, आणि त्यातला जवळपास निम्मा पैसा पुढच्या पुरापासून बचावासाठी होता. मात्र ही सुधारणा मोडलेल्या भागाशीच निगडित असावी लागते. प्रत्येक प्रकल्पाच्या पहिल्या चर्चेतच ती मांडा. काम झाल्यावर आठवण आली तर उपयोग नाही.

पर्यावरण आणि वारसा तपासणी पूर्ण होण्याआधी कायमस्वरूपी काम सुरू करू नका. ओढ्याचा काठ हलवणं, जुनी इमारत पाडणं, मोरीचा आकार बदलणं, या सगळ्याला ती लागते. घाई केली तर पूर्ण प्रकल्पाचा निधी जाऊ शकतो.

देवळं आणि मंडळं

ह्यूस्टन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या कामाची एक माहिती. २०१७ च्या हार्वे वादळापासून प्रार्थनास्थळंही ना-नफा संस्था म्हणून या योजनेत बसू शकतात. कायमस्वरूपी दुरुस्तीसाठी त्यांना आधी लघुउद्योग प्रशासनाच्या आपत्ती कर्जासाठी अर्ज करावा लागतो. करमुक्तीचं पत्र, जागेची मालकी किंवा भाडेकरार आणि इमारतीत काय चालतं याचा पुरावा तयार ठेवा. ३० दिवसांची मुदत त्यांनाही आहेच.

पैसे, हिशेब आणि अपील

लहान आणि मोठ्या प्रकल्पांत फरक आहे. २०२२ मध्ये ही सीमा १० लाख डॉलर केली गेली आणि ती दर वर्षी महागाईप्रमाणे बदलते. लहान प्रकल्पाला अंदाजावरच केंद्राचा वाटा मिळतो. मोठ्या प्रकल्पाचा हिशेब शेवटी प्रत्यक्ष खर्चावर होतो, प्रत्येक इनव्हॉइस आणि पैसे दिल्याच्या पुराव्यासह.

या सगळ्या कागदी कामाचाही खर्च मिळतो. २०१८ च्या कायद्यातील सुधारणेनुसार स्थानिक सरकारला मंजूर रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळू शकतो. दोन-तीन माणसांच्या कार्यालयाने हा हक्क सोडू नये. त्या पैशात एक पूर्णवेळ मदतनीस ठेवता आला तर गाव पुढच्या सगळ्या मुदती पाळू शकतं. या मदतनिसाच्या तासांच्याही रोजच्या नोंदी लागतात.

निर्णय पटला नाही तर पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत राज्यामार्फत अपील करा. अपिलाचे दोन टप्पे असतात. वादाची रक्कम ५ लाख डॉलरपेक्षा, आणि ग्रामीण भागासाठी १ लाखापेक्षा जास्त असेल, तर दुसऱ्या अपिलाऐवजी लवादाकडे जाता येतं. अपिलात रागाने लिहिलेली पानं कामी येत नाहीत. कोणत्या कलमाचा आधार, कोणता पुरावा, किती रक्कम, एवढंच लिहा. पत्र आलं त्या दिवशी त्यावर आवक शिक्का मारा, कारण ६० दिवस तिथून मोजले जातात.

फेमाचं धोरणपुस्तक वेळोवेळी बदलतं. तुमच्या कामाला तुमची आपत्ती जाहीर झाली त्या तारखेची आवृत्ती लागू होते. पाचवी आवृत्ती ६ जानेवारी २०२५ पासून जाहीर झालेल्या आपत्तींसाठी आहे, त्याआधीच्या आपत्तींचे प्रकल्प जुन्या आवृत्तीवरच चालतात. एकाच कार्यालयात दोन आपत्त्यांची कामं चालू असतील तर प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर आपत्तीचा क्रमांक आणि आवृत्ती लिहून ठेवा.

शेवटचा हप्ता मिळाला म्हणजे फाइल फेकायची नाही. अंतिम हिशेब बंद झाल्यापासून किमान ३ वर्षं कागद ठेवावे लागतात आणि राज्याचा नियम जास्त असेल तर तो पाळायचा. लेखापरीक्षक येतील तेव्हा फोरमन बदललेला असेल, ठेकेदाराची कंपनी बंद झालेली असेल. तेव्हा प्रत्येक प्रकल्पासाठी एक फोल्डर ठेवा. त्यात फोटो, रोजनिशी, ठेका, इनव्हॉइस, धनादेशाची प्रत आणि पत्रव्यवहार या क्रमाने लावा, आणि त्याची एक प्रत पुराचं पाणी पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा.